अपस्मारावरील विद्युत् उपचार

औषधांना दाद न देणाऱ्या अपस्मारात (फेफरे, आकडी) चेतेला किंवा मेंदूच्या ठरावीक भागाला सौम्य विद्युत् स्पंद देऊन झटके कमी करण्याच्या पद्धती. योग्य निवडलेली दोन औषधे पुरेशा मात्रेत घेऊनही झटके थांबत नसतील, तर अपस्मार औषधरोधी मानतात. सुमारे एकतृतीयांश रुग्ण या गटात मोडतात. झटक्यांचे मूळ शस्त्रक्रियेने काढता येण्याजोगे नसेल, तेव्हा हे उपचार पुढे येतात. मानसोपचारात देतात त्या ‘शॉक’शी त्यांचा संबंध नाही.

सर्वांत रुळलेली पद्धत मेंदूतून मानेवाटे छाती-पोटाकडे जाणाऱ्या व्हेगस चेतेच्या (मज्जातंतूच्या) उद्दीपनाची. डाव्या कॉलर बोनखाली पेसमेकरसारखे उपकरण बसवून त्याची तार मानेतील डाव्या व्हेगस चेतेभोवती गुंडाळतात. बहुधा ३० सेकंद स्पंद आणि ५ मिनिटे विराम असे चक्र दिवसरात्र चालते. झटक्याची चाहूल लागताच रुग्णाने किंवा घरच्यांनी उपकरणावरून लोहचुंबक फिरवला की जादा स्पंद मिळतो. माणसावर हे उपकरण प्रथम १९८८ मध्ये अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायनात बसवले गेले. अमेरिकेत १९९७ मध्ये त्याला मान्यता मिळाली. काळ जाईल तसा गुण वाढतो आणि निम्म्याच्या आसपास रुग्णांचे झटके अर्ध्यावर येतात. पूर्ण थांबणे मात्र विरळा. स्पंद चालू असताना आवाज घोगरा होतो, खोकला येतो. औषधे सहसा चालूच ठेवावी लागतात.

मेंदूच्या खोल भागातील थॅलॅमसच्या अग्रकेंद्रकात तारा घालून केलेले खोल उद्दीपन आणि झटक्याची सुरुवात ओळखून तेवढ्यापुरताच स्पंद देणारे, कवटीत बसवलेले उपकरण या नंतरच्या पद्धती. अमेरिकेत त्यांना अनुक्रमे २०१८ व २०१३ मध्ये मान्यता मिळाली. त्याआधी १९७०च्या दशकात अमेरिकन मेंदूशल्यविशारद अर्व्हिंग कूपर यांनी अनुमस्तिष्काच्या (लहान मेंदूच्या) उद्दीपनाचा बराच गाजावाजा केला होता, पण नियंत्रित चाचण्यांत त्याचा लाभ दिसला नाही.

झटके आटोक्यात आणण्याची निकड का, तर झटका लांबला की चेतापेशींतून ग्लुटामेट हे उत्तेजक रसायन अतोनात स्रवते, पेशींत कॅल्शियम घुसते, सूत्रकणिका (मायटोकाँड्रिया) कोलमडतात आणि पेशी मरतात. स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पसला याची झळ विशेष बसते. प्राणवायूच्या अभावानेच ही हानी होते, असा समज होता. ब्रायन मेल्ड्रम व सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये बॅबून माकडांचे स्नायू औषधाने शिथिल करून, कृत्रिम श्वासोच्छ्वास देत लांबलेल्या झटक्यांचे प्रयोग केले. हानी घटली, पण टळली नाही. म्हणजे पेशींचा अतिरेकी विद्युत् उद्रेकही घातकच.

विद्युत् उपचार पेशींना थेट संरक्षण देतात, असे प्राण्यांवरील काही प्रयोगांवरून सुचवले जाते. माणसात ते सिद्ध झालेले नाही. झटके कमी होतात, एवढाच त्यांचा खात्रीचा लाभ. पेशी वाचवण्याचा भरवशाचा मार्ग म्हणजे झटका लवकर थांबवणे. आचके देणारा झटका ५ मिनिटांपलीकडे गेला तर तातडीच्या उपचारांची गरज असते; ३० मिनिटांनंतर कायमच्या हानीचा धोका वाढतो. म्हणून कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ न दवडता रुग्णाला कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये, डॉक्टरांनी लिहून दिला असल्यास मिडाझोलामचा फवारा नाकात मारावा आणि रुग्णालय गाठावे.