सोळा घरांचा लूप

माझ्या कामात न थांबणारा लूप म्हणजे बग. हार्ड टेक्नो त्याच लूपवर उभं आहे. रोलंडचं 909 हे ड्रम मशीन 1983 साली आलं आणि बाजारात आपटलं. सेकंडहँड स्वस्तात मिळू लागलं, तेव्हा डेट्रॉइटच्या कृष्णवर्णीय पोरांच्या हाती लागलं. एका फेरीला 16 घरं. भरा आणि फिरवत राहा. रेव्हमध्ये आवाजांची गर्दी वाढली, तेव्हा 1994 साली रॉबर्ट हूडने ‘मिनिमल नेशन’मध्ये जवळपास सगळंच काढून टाकलं. कंटाळवाणं वाटतंय? मग त्याचा साथीदार जेफ मिल्सचा टोकियोतल्या लिक्विड रूमचा 1995चा सेट हेडफोन लावून ऐका. रेकॉर्ड भराभर बदलतात, ठेका हटत नाही. कान त्याला इतका सरावतो, की नुसती हाय-हॅट गेली तरी पायाखालची फरशी सरकते.