सुई, तोफ आणि बुलेट

जुनी मोटरसायकल घरीच खोलून पुन्हा जोडणे हा इंग्लंडमधल्या पुष्कळ घरांचा हिवाळी उद्योग आहे. स्टॅनमोरच्या आमच्या गॅरेजमध्ये सध्या 1980 च्या दशकात मद्रासला बनलेली 350 सीसीची एन्फील्ड बुलेट अशी सुटी होऊन पडली आहे. आयुष्यभर कागदांत इतिहास वाचला, आता तो लोखंडात वाचतो आहे. या यंत्राच्या नावापासून नट-बोल्टांपर्यंत इंग्लंड आणि हिंदुस्थान यांचा दीडशे वर्षांचा व्यवहार कोरलेला आहे, आणि तो आपल्या दोन्ही पिढ्यांना सांगण्याजोगा आहे.

सुरुवात सुईपासून करावी लागते. इंग्लंडमधले रेडिच हे गाव एकोणिसाव्या शतकात सुयांसाठी जगभर प्रसिद्ध होते. तिथल्या जॉर्ज टाउनसेंड यांच्या सुयांच्या कारखान्यातून पुढे सायकलचे भाग आणि मग अख्ख्या सायकली बनू लागल्या. 1890 च्या दशकात या कंपनीला मिडलसेक्स परगण्यातल्या एन्फील्ड गावच्या सरकारी शस्त्रकारखान्यासाठी रायफलीचे सुटे भाग बनवण्याचे काम मिळाले. त्या मानाची खूण म्हणून सायकलींना 'रॉयल एन्फील्ड' हे नाव दिले गेले आणि तोफ हे बोधचिन्ह झाले. पहिली मोटरसायकल 1901 साली बाहेर पडली.

आपल्याकडेही यंत्रयुगाची एक वाट सायकलीवरूनच आली. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाचा उगम 1888 साली बेळगावात सुरू झालेल्या सायकलच्या दुकानात आहे. तिथून कडबा कापण्याचे यंत्र, लोखंडी नांगर आणि 1910 साली किर्लोस्करवाडी असा तो प्रवास झाला. रेडिचने सायकलीवरून मोटरसायकल गाठली, बेळगावने नांगर. ज्याला जे हवे होते, तिकडे तो वळला.

एन्फील्ड हे नाव मात्र हिंदुस्थानात मोटरसायकलच्या कितीतरी आधी पोचले होते. 1853 च्या नमुन्याची एन्फील्ड रायफल कंपनी सरकारच्या फौजेत आली, तेव्हा तिच्या काडतुसांना गाईची आणि डुकराची चरबी लावलेली असते असा बोभाटा झाला. 1857 च्या उठावाची कारणे अनेक होती, पण ठिणगी पडली ती या काडतुसांवरून. गोडसे भटजींच्या 'माझा प्रवास'मुळे तो काळ मराठी वाचकाला घरचा वाटतो. त्याच गावाचे नाव आणि तोफेचे चित्र शंभर वर्षांनी आपल्या फटफटीच्या टाकीवर आले, आणि लोकांनी ते आनंदाने मिरवले.

या कथेत स्टॅनमोरलाही जागा आहे. 1940 च्या हवाई लढाईत फायटर कमांडचे मुख्यालय इथल्या बेंटली प्रायरीत होते आणि ह्यू डाउडिंग तिथून सूत्रे हलवत होते. विमानवेधी तोफांच्या दलाचे मुख्यालयही स्टॅनमोरमध्येच होते. त्या काळात एन्फील्ड कंपनी ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हनजवळच्या एका दगडाच्या खाणीत, जमिनीखाली, तोफांच्या नेमबाजीसाठी लागणारी अचूक उपकरणे बनवत होती. सैन्यासाठी मोटरसायकलीही बनत होत्या. त्यांतली 125 सीसीची छोटी 'फ्लाइंग फ्ली' तर पॅराशूटने खाली सोडत.

स्वातंत्र्यानंतर भारतीय लष्कराला खडतर रस्त्यांवर टिकणारी मोटरसायकल हवी होती. बुलेट पसंत पडली. 1955 साली रेडिचची कंपनी आणि मद्रास मोटर्स यांनी मिळून एन्फील्ड इंडिया स्थापन केली आणि मद्रासजवळ तिरुवोट्टियूरला कारखाना उभा राहिला. आधी इंग्लंडहून आलेले भाग जोडले जात, पुढे हळूहळू सगळे भाग तिथेच बनू लागले. इकडे 1967 साली रेडिचचा कारखाना बंद पडला आणि 1970 च्या सुमारास इंग्लंडमधले उरलेसुरले उत्पादनही थांबले. मद्रासची बुलेट मात्र चालूच राहिली. 1977 पासून ती ब्रिटनमध्ये विकायला येऊ लागली. इंग्लंडचा माल इंग्लंडमध्येच आयात होऊन आला!

आता पाना हातात घेऊ. गाडी खोलताना पहिला अडथळा येतो तो नटांचा. आजचे मिलिमीटरचे पाने अनेक नटांवर बसत नाहीत. जोसेफ व्हिटवर्थ यांनी 1841 साली आट्यांचे पहिले सर्वमान्य प्रमाण सुचवले. त्यात आट्यांचा कोन 55 अंशांचा असतो, मेट्रिकमध्ये तो 60 अंशांचा. शिवाय जुन्या व्हिटवर्थ पान्यावर कोरलेला आकडा नटाच्या रुंदीचा नसून बोल्टच्या जाडीचा असतो. भारताने मेट्रिक मापांचा कायदा 1956 साली केला, पण बुलेटमध्ये अनेक ठिकाणी इंची आटे पुढेही टिकले. कारण साधे आहे. आटे बदलायचे तर साचे, हत्यारे आणि गावोगावच्या मिस्त्रींकडचे पाने, सगळेच बदलावे लागते. राज्य गेले तरी आटे राहतात, ही गोष्ट इतिहासाच्या पुस्तकात सहसा सापडत नाही.

गिअरचा दांडा उजव्या पायाशी. पहिला गिअर वर, बाकीचे तीन खाली. ही जुनी इंग्रजी रीत. जगाने दांडा डावीकडे नेला, बुलेटने तो बराच काळ उजवीकडे ठेवला. न्यूट्रल सापडत नाही म्हणून टाचेने दाबायचा आणखी एक छोटा दांडा. क्लचकडचे मोठे झाकण एकाच नटाने बसवलेले. तेलाची वेगळी टाकी नाही, तेल इंजिनाच्या पोटातच. पिस्टनचा व्यास 70 मिलिमीटर, धाव 90 मिलिमीटर, म्हणून क्षमता 346 सीसी. धाव लांब असल्याने इंजिन सावकाश पण जोराने ओढते, आणि तो ओळखीचा ठोका त्यातूनच येतो. अशा यंत्राला मोठ्या वर्कशॉपची गरज नसते. म्हणूनच ते आपल्याकडे झाडाखाली बसलेल्या मिस्त्रीलाही दुरुस्त करता आले.

जोडण्याची वेळ आली की खरा प्रश्न उभा राहतो. इकडचे अनेक हौशी लोक मद्रासच्या बुलेटवरचे भारतीय भाग काढून टाकतात, जुन्या इंग्रजी भागांची किंवा त्यांच्या नकलांची जोड देतात आणि गाडी 1950 च्या दशकातली रेडिचची वाटेल अशी सजवतात. गाडी देखणी होते, यात शंका नाही. पण तिच्या आयुष्याची मधली तीस वर्षे पुसली जातात. मूळ म्हणजे कुठले मूळ? मद्रासला ओतलेले इंजिन, तिथले मडगार्ड, कुणा मिस्त्रीने घातलेला जाड वॉशर, हेही पुरावेच आहेत. धोकादायक भाग बदलावेच लागतात. ब्रेक, वायरिंग, टायर यांत भावनेला जागा नाही. बाकी जे चालते ते राहू द्यावे. आमची गाडी मद्रासचीच राहील. 'तू मूळचा कुठला?' हा प्रश्न ज्यांना इथे वारंवार ऐकावा लागतो, त्या आपल्या मुलांना हा निर्णय फोड करून सांगावा लागणार नाही.

ज्यांना हा उद्योग करायचा आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. प्रत्येक भाग काढण्यापूर्वी फोटो घ्या. नट-बोल्ट वेगवेगळ्या डब्यांत ठेवून वर चिठ्ठी लावा. काय बदलले आणि का, याची तारखेसह वही ठेवा. ब्रिटनमध्ये 40 वर्षांहून जुन्या गाडीची ऐतिहासिक वाहन म्हणून नोंद केली की रोड टॅक्स लागत नाही आणि लंडनच्या प्रदूषण शुल्कातूनही ती सुटते. फारसे बदल केलेले नसतील तर वार्षिक एमओटीचीही सक्ती नसते. पण गाडी रस्त्यावर सुरक्षित असण्याची जबाबदारी मालकाचीच राहते.

आणि गाडी नसली तरी कागद असतील. आजोबांच्या स्कूटरचे आर.सी. बुक, पुण्या-कोल्हापुरातल्या गॅरेजची बिले, फटफटीवर बसलेल्या जोडप्याचा काळा-पांढरा फोटो. घरे बदलताना सर्वांत आधी हेच कचऱ्यात जाते. या दिवाळीच्या साफसफाईत ते बाजूला काढा, मागे नाव, गाव आणि साल लिहा, आणि मुलांच्या हाती द्या. सरकारी दफ्तरात साहेबांचा इतिहास मिळतो. आपल्या फटफटीचा इतिहास आपल्याच कपाटात आहे, आणि तो सांगू शकणारी माणसे आता सत्तरी-ऐंशीत आहेत.