सर्वात कमी दराची गोष्ट

वीजकामांच्या सरकारी निविदांवर बोला, असं बऱ्याच जणांनी सुचवलं होतं. बहुतेकांना हवं होतं ते 'टेंडर कसं मिळवायचं' हे. ते शिकवणारे पुष्कळ आहेत. मी आज सांगणार आहे ती ही पद्धत अशी का झाली, आणि तिच्यात छोट्या ठेकेदाराचं काय झालं, याची गोष्ट. मी स्वतः वीस वर्षं या निविदा भरल्या आहेत, त्यामुळे मधूनमधून माझा राग डोकावेल. तेवढं चालवून घ्या.

आपल्याकडे वीज आली ती मोठ्या कंपन्यांच्या हाताने. १८९७ मध्ये कलकत्त्याला वीजपुरवठ्याचा परवाना दिला गेला, तो २१ वर्षांसाठी, एकाच कंपनीला. १९०२ मध्ये म्हैसूर संस्थानाने शिवसमुद्रमची वीज कोलारच्या सोन्याच्या खाणींपर्यंत नेली, ती यंत्रं परदेशी होती. यंत्रं बनवणारेच मोजके असताना गावातल्या वायरमनने दर भरायचा प्रश्नच नव्हता.

तो प्रश्न आला स्वातंत्र्यानंतर. १९४८ च्या कायद्याने राज्यांची वीज मंडळं उभी राहिली. सरकारी शाळा, दवाखाने, कचेऱ्या बांधल्या जाऊ लागल्या आणि बांधकाम खात्याच्या विद्युत शाखेकडे वायरिंगची हजारो लहान कामं आली. १९५६ च्या नियमांतला पंचेचाळिसावा नियम, तो लागू होता तोवर, सांगत असे की असं काम परवानाधारक ठेकेदारानेच करायचं, आणि तेही सक्षमतेचं प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या थेट देखरेखीखाली. परवाना द्यायचा राज्य सरकारने. म्हणून पुण्याचा परवाना खिशात असला तरी इंदूर किंवा हैदराबादला काम घ्यायचं म्हटलं की तिथल्या कार्यालयाच्या पायऱ्या चढाव्या लागतात. इतर राज्यांतल्या आपल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको.

आता निविदेकडे या. तिची प्रत्येक अट म्हणजे जुन्या एखाद्या लबाडीचा व्रण आहे. दर भरून पळून जाणारे होते, म्हणून बयाणा रक्कम आली. अर्धं काम टाकणारे होते, म्हणून सुरक्षा ठेव. साहेबाने आपल्या माणसाला काम देऊ नये, म्हणून मोहोरबंद लिफाफे सगळ्यांसमोर उघडायचे आणि सर्वात कमी दर असेल त्याला काम द्यायचं. कमी दराचा नियम पैसे वाचवायला आला असं आपण समजतो. माझ्या मते तो मुख्यतः अधिकाऱ्याच्या हातातून निवड काढून घ्यायला आला. आकड्याशी वाद घालता येत नाही ना!

पण त्या आकड्याचं पुढे काय होतं ते पाहा. टक्केवारीच्या निविदेत (महाराष्ट्रात तिला बी-वन म्हणतात) खात्याने दरसूचीवरून अंदाजपत्रक आधीच काढलेलं असतं. ठेकेदार फक्त सांगतो, इतके टक्के वर किंवा इतके टक्के खाली. समजा, अंदाजपत्रक १० लाखांचं. एकाने '१८ टक्के बिलो' भरलं, काम ८ लाख २० हजारांना गेलं. हे १ लाख ८० हजार कुठून आले? दरसूची जुनी असेल आणि तांबं महागलेलं असेल, तर नफ्यातून ते निघणं शक्यच नाही. मग ते निघतात भिंतीत गाडलेल्या पाइपातून, ठरल्यापेक्षा बारीक वायरीतून, आणि सगळ्यात जास्त अर्थिंगमधून. पंखा, दिवा, बोर्ड दिसतो. इंजिनीयर हात लावून बघतो. अर्थिंगचा खड्डा एकदा बुजला की आत पाइप किती खोल आहे, कोळसा-मीठ घातलंय की नाही, हे फक्त घालणाऱ्याला ठाऊक. एमबीत माप पूर्ण लिहिलेलं असतं. मी एकदा असं काम सोडलं. माझा दर ४ टक्के खाली होता, दुसऱ्याचा २६. काही महिन्यांनी त्याच इमारतीत नळाला हात लावला की झटका बसतो, अशी तक्रार आली.

लबाडी कागदावरही होती. १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमण दयाराम शेट्टी खटल्यात सांगितलं की सरकारने स्वतः घातलेली पात्रतेची अट स्वतःलाच मोडता येणार नाही. तो खटला मुंबईच्या विमानतळावरच्या उपाहारगृहाचा, पण आजही प्रत्येक निविदेचा वाद तिथे जाऊन टेकतो. (गंमत म्हणजे तत्त्व ठरलं, पण ठेका रद्द झाला नाही.) तमिळनाडूने १९९८ मध्ये निविदांच्या पारदर्शकतेचा कायदा केला, कर्नाटकाने १९९९ मध्ये. निविदा पेटीपाशी प्रतिस्पर्ध्याला पोहोचूच न देणाऱ्या टोळ्यांचा अनुभव आंध्र प्रदेशला होता. त्याने २००३ मध्ये निविदा संगणकावर आणल्या. हा बदल मला मनापासून आवडला. पेटीसमोर उभे राहणारे दांडगे तरी गेले.

छोट्याला धक्का बसला तो वेगळीकडून. २००५ च्या राजीव गांधी ग्रामीण विद्युतीकरण योजनेत कामं टर्नकी पद्धतीने निघाली. खांब, तारा, ट्रान्सफॉर्मर, मजुरी, सगळं एकाच मोठ्या ठेक्यात. लहान परवानाधारक त्या पात्रतेत बसेना. तो पोटठेकेदार झाला, कधी पोटठेकेदाराचा पोटठेकेदार. दर वरून ठरलेला आणि प्रत्येक पायरीवर कापलेला.

एकत्रित खरेदी वाईटच असते असं मात्र मी म्हणणार नाही. एलईडी बल्बची सरकारी खरेदी २०१४ मध्ये नगामागे ३१० रुपयांना झाली होती, २०१६ मध्ये ती ३८ रुपयांवर आली. जगभर एलईडी स्वस्त होत होते हे खरं, पण प्रचंड संख्येच्या निविदांनी तो वेग वाढवला. बल्ब प्रयोगशाळेत तपासता येतो, हजारांतले चार उचलून बघता येतात. जमिनीखालच्या अर्थिंगचं तसं करत नाहीत.

केंद्रीय अर्थ मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये बांधकामांच्या निविदांतही गुणवत्तेला जास्तीत जास्त ३० टक्के वजन द्यायची मुभा दिली. त्यासाठी सक्षम अधिकाऱ्याने ते काम 'गुणवत्ताप्रधान' म्हणून आधी जाहीर करावं लागतं. शाळेच्या १० लाखांच्या वायरिंगसाठी तो कागद हलवणारा अधिकारी मला अजून भेटलेला नाही.