रिळांतली चांदी

दादासाहेब फाळके यांनी चालती कामं किती वेळा सोडली हे मोजायला बसलं, तर सिनेमाचा नंबर बराच उशिरा लागतो. गोध्र्याला त्यांनी फोटो स्टुडिओ थाटला होता. प्लेगात पहिली बायको आणि मूल गेलं, गावही सुटलं. पुढे पुरातत्त्व खात्यात नोकरी मिळाली, पण वंगभंगानंतर स्वदेशीचं वारं सुटलं तेव्हा त्यांनी सरकारी पगारावर पाणी सोडलं. मग छापखाना काढला. रंगीत छपाईतले बारकावे शिकायला ते 1909 साली जर्मनीलाही जाऊन आले. भागीदारांशी बिनसलं तेव्हा तिथूनही अंग काढून घेतलं. तोवर चाळिशी आली होती आणि डोळ्यांनी दगा द्यायला सुरुवात केली होती.

दर वेळी सोडली ती जागा आणि भागीदारी. कसब मात्र बरोबर आलं. फोटोग्राफी, रसायनं, छपाई हे सगळं 1912 नंतर दादरच्या घरात एकाच कामाला लागलं: सिनेमाच्या. लंडनहून विल्यमसन कॅमेरा आला, त्यासाठी विम्याची पॉलिसी गहाण पडली. सावकारांची खात्री पटावी म्हणून त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी टिपून एक लहानसा चित्रपट केला.

त्या काळी कच्ची फिल्म यायची ती कडेला भोकं नसलेली. ती भोकं अंधारात, यंत्रावर, हाताने पाडावी लागत. हे काम त्यांच्या दुसऱ्या पत्नी सरस्वतीबाई करत. दिवसा चित्रीकरण चालू असताना उजेड परतवायला पांढरी चादर धरून उन्हात उभं राहायचं आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही करायचा, हेही त्यांच्याचकडे. ‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 रोजी गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये लागला. त्याच्या श्रेयनामावलीत खरं तर त्यांचं नाव फाळक्यांच्या शेजारी हवं होतं.

1918 साली नाशिकला हिंदुस्थान फिल्म कंपनी उभी राहिली. पैसा भागीदारांचा, मग हिशेबही त्यांचेच. थोड्याच काळात फाळके कंटाळले आणि सिनेमाला रामराम ठोकून कुटुंबासह काशीला गेले. तिथे ‘रंगभूमी’ नावाचं नाटक लिहिलं. पण हा संन्यास फार टिकला नाही. पुन्हा त्याच कंपनीत, त्याच नाशकात ते परतले. शेवटचा चित्रपट ‘गंगावतरण’ 1937 सालचा, कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेला. त्यांचा बोलपट म्हणावा असा हा एकच.

फाळके सोडत होते ते मनाने. त्यांच्या धंद्याने मात्र जे सोडलं ते भंगारवाल्याकडे गेलं.

मार्च 1931 मध्ये ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट आला आणि मूकपटांचं गिऱ्हाईकच आटलं. नायट्रेट फिल्म झटकन पेट घेते. ती सांभाळायची तर थंड, सुरक्षित कोठार हवं, आणि ज्याची तिकिटं खपत नाहीत त्यासाठी असा खर्च कोण करणार? शिवाय फिल्मवरच्या थरात चांदी असते. रिळं धुऊन ती काढून घ्यायची आणि उरलेल्या पट्ट्या बांगड्यांच्या धंद्याला विकायच्या, हा रिवाज पडला. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर सांगत की खुद्द ‘आलम आरा’ची रिळं निर्माते अर्देशिर इराणी यांच्या मुलानेच चांदीसाठी निकालात काढली होती. त्या मुलाला दोष देणं सोपं आहे. पण जुना माल मोडीत काढणं त्या बाजारात कुणालाच वावगं वाटत नव्हतं. देशात सुमारे तेराशे मूकपट निघाले. त्यांतले दोन-तीन डझनही धड उरले नाहीत, आणि उरले त्यांतही तुकडेच जास्त. बाबूराव पेंटर यांची ‘सैरंध्री’ही गेली.

संग्रहालय स्थापन झालं 1964 साली, म्हणजे फाळके जाऊन वीस वर्षं झाल्यावर. नायर नाशिकला फाळक्यांच्या घरापर्यंत पोहोचले. फाळक्यांचा ‘कालिया मर्दन’ हाती लागला तो सुट्या तुकड्यांत. कोणता तुकडा कशानंतर, हे लागलं ते फाळक्यांच्या टिपणवहीवरून. इतक्या वेळा सगळं मागे टाकून निघालेल्या माणसाने दृश्यांचा क्रम मात्र लिहून ठेवला होता. त्या जोडलेल्या चित्रपटात गोष्ट सुरू होण्याआधी त्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी कॅमेऱ्यासमोर येते, राग, भीती, हसू असे एकेक भाव करून दाखवते आणि मगच कृष्ण होते.