पहिलं गाणं कोणतं? बुलबुलतरंग आणि कानाची शिकवणी

माझा विषय संगीताचा इतिहास आहे म्हटलं की लोक घराण्यांबद्दल विचारतात. माझा प्रश्न त्याहून साधा आहे. घरी वाद्य आणलेला माणूस, शिकवायला कुणी नसताना, पहिलं गाणं कोणतं वाजवतो?

आज बुलबुलतरंग घेऊ, ज्याला आपल्याकडे सर्रास बँजो म्हणतात. वाद्य मूळचं जपानी. १९१२ साली नागोयात मोरिता गोरो यांनी 'तैशोगोतो' बनवलं. टाइपरायटरसारखं बटण दाबलं की तार पट्टीवर टेकते आणि सूर आपोआप नेमका लागतो. काही तारांवर चाल वाजते, बाकीच्या नुसत्या झणकत राहतात. चालीखाली सतत एकच सा. तो सोसणारं गाणंच यावर शोभतं, म्हणून आरत्या, अभंग, भजनं चपखल बसतात. अमेरिकेतल्या अ‍ॅपलाचियन डोंगराळ भागातल्या डल्सिमरचंही असंच आहे. केंटकीच्या जीन रिची यांनी १९६३ साली त्यावर पुस्तक लिहिलं, तेही घरात ऐकलेल्या गाण्यांच्या आधारानेच.

आता जुना जालना. कुंडलिकेच्या काठची ही वस्ती, आनंदी स्वामींचं मंदिर, आषाढीची गर्दी. समर्थ रामदासांचं जांबही याच जिल्ह्यातलं. गणपतीची जी आरती त्यांच्या नावावर आहे, ती इथल्या पोराला सारेगम कळायच्या कितीतरी आधी पाठ असते. चाल मोजक्याच सुरांत फिरते. बोट चुकलं की कान लगेच सांगतो. गुरुजींची गरजच काय!

छापील इतिहास मात्र वेगळा दिसतो. बडोद्यात मौलाबक्षांची संगीतशाळा १८८६ ची, पलुस्करांचं गांधर्व महाविद्यालय लाहोरला १९०१ मध्ये निघालं, आणि भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकमालिकेचे सहा भाग आहेत. या परंपरेत आधी स्वर, अलंकार, सरगमी, मग रागातल्या चिजा. ही कामं मोठीच आहेत. पण पुस्तकं आणि परीक्षा मागे उरतात, म्हणून शिकण्याचा इतिहास म्हणजे तेवढाच असं आपण धरून चालतो. आरतीपासून सुरुवात करणाऱ्याला ना परीक्षा ना प्रमाणपत्र. दफ्तरात तो सापडणार कसा?

सापडतो तो वह्यांत. जुन्या जालन्यात एका घरी रद्दीच्या गठ्ठ्यातून अशी एक वही निघाली. गाण्याचे शब्द, आणि प्रत्येक अक्षरावर बटणाचा आकडा. पहिल्या पानावर आरती, मग दोन भजनं, आणि बऱ्याच पुढे एक सिनेमातलं गाणं, तेही अर्धवट सोडलेलं. आरतीच्या दुसऱ्या ओळीत एक आकडा दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिलाय. मी वाजवून पाहिलं. तिसरा बरोबर आहे.

तुमच्याकडे अशी वही असेल तर रद्दीवाल्याला देण्याआधी निदान पहिल्या पानाचा फोटो काढून ठेवा.