मालगाड्या चालू आहेत

7 मे 2020. संध्याकाळचे सात. तुम्ही जालना एमआयडीसीत पोहोचलात तो लॉकडाऊनचा चव्वेचाळिसावा दिवस. भंगार वितळवून सळई काढणारी ही वसाहत, पण काम बसलंय. पत्र्याच्या खोल्या दुपारच्या उन्हाने अजून तापलेल्या. एका खोलीपुढे वीस जण निघायच्या तयारीत. मध्य प्रदेशातल्या उमरिया-शहडोलकडचे, बहुतेक गोंड आदिवासी. चपात्यांची चळत फडक्यात बांधली जातेय, वर चटणी. भुसावळला मजुरांना गावी नेणारी श्रमिक गाडी मिळेल, या आशेवर ते निघालेत.

उद्याची पहाट तुम्हाला ठाऊक आहे. ‘थांबा’ म्हणायला तोंड उघडता, पण पुढे काय सांगणार? थांबायचं कशावर? हाताला काम नाही, पगार नाही. गावाकडच्या पासासाठी अर्ज करून आठवडा झाला, उत्तर नाही.

कोरोनाची साथ रोखायची तर माणसांनी जागच्या जागी थांबायला हवं, हे खरंच. पण 24 मार्चला रात्री आठला घोषणा आणि बारापासून सगळं बंद! 130 कोटींच्या देशाला चार तास. पोटासाठी परमुलखात राहणाऱ्याने ‘घरीच राहा’ ऐकून कुठे राहायचं? मुंबईच्या मानाने जालन्यात रुग्ण फारच थोडे, तरी कुलूप तेच. राज्याने मार्चमध्येच लागू केलेला साथरोग कायदा 1897 चा, प्लेगच्या वेळचा. माणसांना अडवायचं कसं, हे त्यात आहे; अडवलेल्यांनी खायचं काय, हे नाही.

सडकेवर नाकाबंदी, म्हणून ते रुळांवर उतरतात. तुम्ही मागोमाग. बुद्धपौर्णिमेचं टिपूर चांदणं, पायाखाली टोचणारी खडी. बदनापूर मागे पडतं. नेहमीच्या प्रवासी गाड्या बंद आहेत एवढं सगळ्यांना माहीत. म्हणजे रूळही निवांत, असा त्यांचा सरळ हिशेब. ‘मालगाड्या चालू आहेत’ हे एकच उपयोगाचं वाक्य तुमच्याजवळ आहे. तुम्ही ते ओरडून सांगता. इतक्या वर्षांनंतरचं ओरडणं त्यांच्या कानी कसं पडावं?

करमाडच्या अलीकडे पाय थकतात. बरेचसे रुळांवरच आडवे होतात, काही जरा बाजूला.

पहाटे सव्वापाचच्या सुमारास चर्लपल्लीहून मनमाडजवळच्या पानेवाडीकडे पेट्रोलचे रिकामे टँकर नेणारी मालगाडी येते. चालक भोंगा वाजवतो, ब्रेक दाबतो. इतकं वजन तेवढ्यात थांबत नाही. सोळा जण जातात. चार वाचतात.

त्याच दिवशी मृतदेह घेऊन एक खास गाडी जबलपूरकडे सुटते.