अक्षरांची चित्रं आणि आपली लिपी

मुंबईच्या चंद्रकांत भिडे यांनी बँकेत नोकरी करता करता टाइपरायटरच्या अक्षरांतून गणपती उतरवला. १९६६ साली अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये नोल्टन आणि हार्मन यांनी संगणकाकडून चिन्हांचं चित्र करवून घेतलं. आता ब्राउझरमध्ये दहा-बारा ओळींचा कोड सेकंदात अनेकदा अक्षरं बदलतो आणि चित्र हलतं.

भांडुपची माझी मुलं इंग्रजीत हे सहज करतात. उर्दूत मात्र चौकट मोडते. हा खेळ टाइपरायटरच्या समान रुंदीवर उभा. आपली अक्षरं शेजार पाहून रूप बदलतात, मराठीची जोडाक्षरंही तशीच. १९६३ च्या आस्कीत दोघींना जागाच नव्हती. १९९१ च्या युनिकोडनं ती दिली, पण रुंदी कशी देणार? कातिबांनी तर याच जोडणीतून पक्षी नि सिंह घडवले! म्हणून मी मुलांना सुटं अक्षर नव्हे, अख्खा शब्द हलवायला सांगते.